पाकळी पडली नव्हती

बेचाळीसच्या भाद्रपदात आमच्या प्लॅटूनची नेमणूक कसाऱ्याखालच्या एका रेल्वेपुलावर झाली. पूल मोठा नव्हता. खाली ओहोळ, दोन्ही बाजूंना भराव, पलीकडे साग आणि ऐनाचे रान. पण लढाईचा माल त्याच पुलावरून घाट चढत होता, आणि त्या महिन्यांत मुलुखात तारा तुटत होत्या, रूळ उखडले जात होते. हुकूम साधा होता. चोवीस तास पहारा. अंधार पडल्यावर पुलाजवळ कोणी दिसला तर एकदा हटकायचे. थांबला नाही तर गोळी.

मी हवालदार होतो. गाव धसईजवळ, घरची भातशेती. बत्तीस साली भरती झालो. आफ्रिकेत एरिट्रियाच्या डोंगरात मांडीत गोळी लागली, बरा होऊन डेपोत आलो आणि तिथून इकडे. प्लॅटूनमधले बहुतेक जवान असेच, डागडुजी करून पुन्हा वापरात काढलेले.

ही हकीगत मी शांतपणे लिहीत नाही. रागाने लिहितो आहे. यंदा पंधरा ऑगस्टला मुरबाडच्या शाळेच्या पटांगणात आमच्या प्लॅटूनमधल्या शिपाई नामाबद्दल दोन भाषणे झाली. एकाने सांगितले, नामा अहिंसेसाठी मेला. दुसऱ्याने सांगितले, नामा शिस्त मोडून मेला. दोघांनाही पक्के ठाऊक होते. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. नामा कसा मेला हे त्या पटांगणात मला एकट्यालाच ठाऊक होते, कारण त्याला मी मारले.

नामा महादेव कोळी. पुलापासून हाकेच्या अंतरावर जो पाडा आहे तो त्याचाच. लढाई सुरू झाली त्या वर्षी मीच त्याला मुरबाडच्या बाजारातून भरतीला नेले. त्याची आई माझ्यामागे बाजाराच्या वेशीपर्यंत बडबडत आली होती. "नेतोस तसा परत आनून दे रं," म्हणाली. मी हसून होय म्हणालो.

पुलावर तो आला तेव्हा त्याच्या घरच्यांना नवलच वाटले. पोरगा समुद्रापार लढून आला आणि शेवटी घरामागच्या ओहोळावर पहाऱ्याला उभा राहिला. त्याची आई रोज दिवस मावळायच्या आत नाचणीची भाकर घेऊन भरावावर चढायची. नामा सेंट्रीवर असला की रायफल छातीशी आडवी धरून, कोण आहे असे विचारायची पलटणी हाळी नियमाप्रमाणे द्यायचा.

"हाल्ट! हुकुमदार!"

"कसला हुकुमदार, मुडद्या? तुजी आयस हाय!"

"दोस्त का दुश्मन, ते सांग आदी!"

"भाकर हाय. घेतोस का टाकू व्हळात?"

सगळा सेक्शन हसायचा. मीही हसायचो. सेंट्रीने असे खेळू नये, पण मी रिपोर्ट केला नाही. तेवढी एक गोष्ट मी त्याच्यासाठी केली.

तंबूत रायफली पुसताना नामा बोलत बसायचा. एकांतात तो मला दादा म्हणायचा. एकदा त्याने विचारले, "दादा, देव किती रं आपल्या पलटनीत?"

"का?"

"आपला पंडत मंदिर परेडला सांगतो, हत्यार उचल, देवाचा तसा हुकूम हाय. आमचे मास्तर सांगायचे, हत्यार टाक, देवाचा तसा हुकूम हाय. कॅप्टन साहेब दर आयतवारी ती बारकी पोथी वाचतो, त्येचा देव तर आपल्याला वळखत बी नाय. येकच देव असंल तर तो मानसागनिक येगळा बोलतो का काय?"

मास्तर म्हणजे मुरबाडकडचे एक खादीवाले शिक्षक. डोळखांबच्या पाड्यांपासून इकडे लाइनीपर्यंत ते पायी फिरायचे, पोरांना अक्षरे शिकवायचे. नामाला वाचता येत होते ते त्यांच्यामुळे. देव म्हणजे सत्य आणि सत्य कोणाला मारत नाही, असे ते सांगत. दगडाला शेंदूर फासणे त्यांना पटत नसे, आणि तसे ते पाड्यावरच्या लोकांना तोंडावर सांगत.

मी नामाला विचारले, "आणि तुझा बाप? तो तर भगत आहे."

"बाबा म्हनतो, देव काय बोल्ला ते मला नीट आयकू आलं नाय. म्हनून हात आवर."

"भगतालाच ऐकू येत नाही? मग कोंबडे कशाला घेतो?"

"कोंबडं देवाला नाय रं दादा, रश्शाला." तो हसला. मग नळीतून चिंधी ओढता ओढता म्हणाला, "पन खरंच. मास्तर म्हनतात मारू नको कारन मला ठाव हाय. बाबा म्हनतो मारू नको कारन मला ठाव नाय. मला बाबाचं बरं वाटतं."

"एरिट्रियात तर तू गोळ्या झाडल्यास."

"झाडल्या. तितं मी इचारलंच नाय देवाला. इचाराया येळ कुनी दिला?"

तेव्हा हे मी करमणूक म्हणून ऐकले. पाड्यावरचा रिवाज मला लहानपणापासून माहीत होता, तो इथे सांगितला पाहिजे. ओहोळाच्या काठी वाघदेवाचा दगड आहे. पाड्याला काही ठरवायचे असले की भगत पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या दगडाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. कधी कधी दोन्ही चिकटून राहतात. त्याला देव थांबला म्हणतात. देव थांबला की जमलेला प्रत्येक माणूस आहे तिथे खाली बसतो आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवतो. भगत उठा म्हणेपर्यंत कोणी हात उचलायचा नाही, झाडावर नाही, जनावरावर नाही, माणसावर तर नाहीच. आमच्या धसईकडे आम्ही या रिवाजाची चेष्टा करायचो.

भाद्रपद संपत आला असताना एका पहाटे गँगमनला पुलाच्या अलीकडे रुळाच्या सांध्यावरच्या फिशप्लेटा काढलेल्या आढळल्या. गाडी अडवता आली. अपघात झाला नाही. पण पहारा आमचा होता, आणि सकाळी आठला कॅप्टन ट्रॉलीवरून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

आदल्या संध्याकाळी मास्तर पाड्यावर मुक्कामाला होते. ते पळाले नव्हते. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर सूत कातत बसलेले होते. "मी काढल्या नाहीत, आणि कोणी काढल्या ते ठाऊक असते तरी सांगितले नसते," असे त्यांनी कॅप्टनला त्याच्याच भाषेत सांगितले. कॅप्टन मला हिंदुस्थानीत म्हणाला, "दोपहर तक नाम चाहिए. नहीं तो पाडे के सब मर्द शहापूर थाने ले जाऊंगा." पाड्यात हळवे भात कापणीला आले होते. माणसे गेली असती तर उभे पीक रानडुकरांनी खाल्ले असते.

तेव्हा कौलाची कल्पना मी काढली. कोणी मला विचारले नव्हते. मी कॅप्टनपुढे कडक सलाम ठोकून सांगितले की साहेब, ही माणसे कोर्टात खोटे बोलतील, पण या दगडापुढे बोलणार नाहीत. दगडाला विचारू, मास्तरने काढल्या का. दगड होय म्हणाला तर पाडाच त्याला आपल्या हवाली करील. नाही म्हणाला तर आपण दुसरीकडे शोधू. कॅप्टनला गंमत वाटली. "व्हेरी गुड, हवालदार," म्हणाला. मला ते शब्द फार आवडले. अजून आठवतात याचा मला संताप येतो.

नामाचा बाप चांगू भगत तयार नव्हता. "कुनाला बांधायसाटी इचारत नसतात, हवालदार," तो म्हणाला. "आनि इचारलं की तू बी बांधलास. मागं फिरता यायचं नाय."

"पाड्याचे मर्द शहापूरला जातील ते चालेल?"

त्याने नामाकडे पाहिले. मग पाड्यातल्या एका पोरीला तेरड्याची फुले आणायला सांगितले.

नामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, देव थांबला तर रं?"

"थांबणार नाही."

"तुला काय ठाव?"

मी त्याला फॉलिनमध्ये, रांगेत, जायला सांगितले.

दहा वाजले असावेत. पाऊस उघडला होता. सगळा पाडा दगडासमोर उभा, आम्ही सेक्शन एका अंगाला, झाडे ठिबकत होती म्हणून कॅप्टन मागे छत्रीखाली; तिथून पाकळ्या दिसत नव्हत्या. मास्तर मध्ये. ते म्हणाले, "दगडाला विचारून न्याय होत नाही, चांगू. मला न्यायचे तर तसेच न्या." चांगू म्हणाला, "मास्तर, तुमचा देव तुमी सांगता. आमचा आमाला सांगू द्या." मास्तरांनी दगडाकडे पाठ फिरवली. त्याने पाकळ्या लावल्या. प्रश्न विचारला. आम्ही वाट पाहिली.

पाकळ्या हलल्या नाहीत. वारा आला, वरच्या झाडाचे पाणी दगडावर ठिबकले, तरी दोन्ही चिकटून होत्या. चांगूने दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले. मग त्याने हात जोडले आणि मागे सरकला.

कॅप्टन म्हणाला, "पत्थर क्या बोला, हवालदार?"

त्या क्षणी मला भीती वाटली नाही. राग आला. त्या दगडाचा राग आला. सगळ्या सेक्शनसमोर माझी कल्पना फुकट गेली होती आणि हा वाघदेव शेंदूर पिऊन गप्प बसला होता. लहानपणी ज्याच्यावर हसलो, त्याच्याकडून मला उत्तर हवे होते आणि तो देत नव्हता. मी म्हणालो, "राइट गिरा, साब."

माझे पुरते बोलून व्हायच्या आत पाडा खाली बसला. बाया, म्हातारे, सगळे. तळवे ओल्या जमिनीवर. देव थांबला होता आणि ते सगळ्यांनी पाहिले होते.

कॅप्टनने नामाला आणि दुसऱ्या एका शिपायाला हुकूम दिला, "मास्टर को बांधो." दुसरा पुढे झाला. नामाने रायफल दगडाला टेकवून उभी केली, आणि तो युनिफॉर्ममध्ये, पट्ट्यासकट, आपल्या आईशेजारी खाली बसला. तळवे जमिनीला टेकवले.

कॅप्टनने त्या बसलेल्या माणसांकडे पाहिले. त्या वर्षी त्याने अशी बसलेली माणसे ठिकठिकाणी पाहिली होती, रस्त्यांवर, कचेऱ्यांसमोर. त्याला दुसरे काय वाटणार? "सत्याग्रह," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "ये सत्याग्रह है?"

इथे एक वाक्य पुरले असते. साहेब, हा रिवाज आहे, देवाने उत्तर दिले नाही की ही माणसे अशी बसतात. पण ते वाक्य बोलायचे तर आधीचे मागे घ्यावे लागले असते. पाकळी पडली होती तर ही माणसे बसली का, असे त्याने लगेच विचारले असते. मी गप्प राहिलो. दगड गप्प राहिला तेव्हा त्याने कोणाचे वाईट केले नव्हते.

मास्तरांना त्या दुसऱ्या शिपायाने आणखी एकाला घेऊन बांधले आणि भरावावर नेले. जाताना त्यांनी वळून बसलेल्या पाड्याकडे आणि नामाकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आपली शिकवण फळाला आली असे त्यांना वाटले असावे. मग ते पुलापलीकडे गेले. पुढचे त्यांनी पाहिले नाही.

"गेट दॅट मॅन अप," कॅप्टन म्हणाला.

मी नामासमोर उभा राहिलो. "शिपाई नामा, ऊठ."

तो उठला नाही.

"ऊठ रे. मार खाशील." हे मी हळू म्हणालो.

त्याची आई म्हणाली, "ऊठ रं बाबा." चांगू पाकळ्यांकडे बघत होता.

"हवालदार!" मागून आवाज आला.

नामा मला म्हणाला, "दादा, इचारलंस तूच."

मी रायफल उलटी धरून दस्ता मारला. खांद्यावर मारायचा होता. तो बोलण्यासाठी मान वर करत होता. दस्ता कानशिलावर बसला. तो आईच्या मांडीवर कलला. तळवे त्याने जमिनीवरून उचलले नव्हते, वार अडवायलाही नाही.

ट्रॉलीवर घालून त्याला कसाऱ्याला नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. भरावावरून पाय घसरून डोक्याला मार, अशी नोंद झाली. साक्षीदार मी. कॅप्टन दुष्ट नव्हता. नोंद लिहून झाल्यावर त्याने आपली बारकी पोथी काढून दोन ओळी वाचल्या, आणि मला म्हणाला की देवाची इच्छा. पुढच्या मंदिर परेडला पंडितजी म्हणाले, ज्याचे त्याचे कर्म. मला दोघांच्या तोंडावर तोच दस्ता मारावासा वाटला. मी सावधान उभा राहिलो. मी सावधान उभे राहण्यात फार चांगला होतो.

फिशप्लेटा कोणी काढल्या ते आजवर कळलेले नाही. मास्तर तुरुंगात गेले, सुटून आले. मी ब्रह्मदेशात गेलो, धड परत आलो, शेचाळीस साली घरी बसलो. तिकडे माझ्या डाव्या-उजव्या अंगाची माणसे गेली. त्यांची नावे कुठे तरी लिहिलेली आहेत.

नामाचे नाव कुठेच नाही. लढाईत पडलेल्यांत ते बसत नाही, कारण तो भरावावरून घसरला. चळवळीत पडलेल्यांत बसत नाही, कारण अंगावर सरकारी युनिफॉर्म होता. यंदा मास्तरांनी ते नाव पहिल्यांदा घेतले. गोऱ्याच्या माराने मेला, अहिंसेचा पुजारी होता, ईश्वराचा आवाज त्याला ऐकू आला, म्हणाले. मग आमचे निवृत्त सुभेदार उठले. ते त्या वेळी कसाऱ्यात होते, पुलावर नव्हते. म्हणाले, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण सैनिकाचा देव म्हणजे हुकूम, तो ज्याने मोडला त्याचे काय व्हायचे. मग शेवटी मला बोलायला सांगितले. मी उभा राहिलो आणि "जय हिंद" म्हणून खाली बसलो. खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा. चांगू आता वाकला आहे. ओसरीवर दोर वळत होता. मी त्याला सांगितले की पाकळी पडली नव्हती, मी खोटे बोललो.

"आमी तितंच व्हतो," तो म्हणाला.

मला राग आला. "मग कोणी बोलला का नाही? एवढा पाडा बसला होता. एकाने तरी ओरडायचे की हा खोटे बोलतो!"

"कुनाला सांगायचं? तुज्या साहेबाला आमची बोली येत नव्हती. मास्तर पाठ फिरवून उबा व्हता. बाकी त्याची नि आमची, दोनी तुलाच येत व्हत्या."

त्याने दोराला पीळ घातला. मी ओसरीच्या कडेला टेकलो. मग म्हणालो, "बाबा, कौल लावा. नामाने मला माफ केले का, ते विचारा. काय यायचे ते येऊ दे. डावी पडली तरी चालेल. पण काही तरी कळू दे."

"नाय लावायचा."

"का?"

"पयला परश्न अजून तसाच हाय. देव थांबलाय. त्याच्या डोक्यावर दुसरा परश्न कसा लावू? सात वरसं आमी कायच इचारलं नाय. लग्नाचं नाय, पेरनीचं नाय, आजाराचं नाय."

"मग चालते कसे तुमचे?"

"चालतं," चांगू म्हणाला. "जपून चालतं."

नामाची आई आतल्या दाराशी होती. मला पाहून ती आत गेली. भाकर बाहेर आली नाही, आणि यायला नको होती.

परत येताना मी ओहोळाकाठी थांबलो. दगडावर पाकळ्या नव्हत्या, शेवाळ होते. पंडितजीचा देव, साहेबाचा, मास्तरांचा, सुभेदारांचा, सगळे मला आठवले. प्रत्येकाने काही ना काही पक्के सांगितले होते. या एकट्या दगडाने ‘मला ठाऊक नाही’ असे सांगितले होते, आणि ते मला त्या सकाळी सहन झाले नाही. तो देव आहे की दगड आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. सांगता येत नाही हे आता मी कोणासाठीही बदलणार नाही.

शिपाई नामा, चांगू भगताचा मुलगा, राहणार कसाऱ्याखालचा पाडा. एरिट्रियात लढला. पुलाजवळ आपल्या हवालदाराच्या हाताने पडला. कशासाठी पडला हे त्याने सांगितले नाही, कारण मी सांगू दिले नाही. ज्याला ते ठाऊक आहे असे वाटते, त्याने माझ्या तोंडावर येऊन सांगावे.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मी मुरबाडच्या त्या पटांगणात येणार आहे. भाषणे सुरू झाली की सगळ्यांसमोर खाली बसेन, मातीत, तळवे जमिनीला टेकून. उठवायला ज्याला यायचे असेल त्याने यावे. मी मान वर करणार नाही.